डावा हात आणि मधले सहा आठवडे

मंगळवारी सकाळी वजनकाट्यावरून उतरता उतरता काकांनी डावा हात माझ्यापुढे केला. "बाय, हें वाजना जालें गो."

मी बोटे ठेवली. मनगटाच्या वर, टाक्यांच्या वणाशी, शुक्रवारपर्यंत कुळागरातल्या चालू पंपाच्या पाइपला हात लावावा तशी थरथर लागत होती. फार जोरकस नव्हती, पण होती. आता शीर दोरीसारखी कडक आणि मुकी. स्टेथोस्कोप लावला, तिथेही काही नाही.

"कधीपासून?"

"शुक्रवारी रात्री झोपताना बघितलं, तेव्हापासून."

शुक्रवार रात्र ते मंगळवार सकाळ. फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या वाटेत, गुठळी झाली आणि रुग्ण एक-दोन दिवसांत पोहोचला, तर ती काढून शीर वाचवायचा प्रयत्न करता येतो. उशीर होईल तशी आशा कमी. मी जरा चढ्या आवाजातच विचारले, "मग फोन का नाही केला, काका?"

"कोणाला करायचा?"

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर शहरात. किडनीचे डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून एकदा. आमचे युनिट रविवारी बंद, आणि आमचा नंबर आम्ही त्यांना कधी दिलाच नव्हता. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. हे प्रकरण लिहून काढते आहे ते त्यामुळेच.

मी उत्तर गोव्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी डायलिसिस तंत्रज्ञ आहे; काका आमच्याकडचे रुग्ण. काकांच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बोलावणे नको म्हणून

काकांचे वय 61. मधुमेह सतरा वर्षांचा. डिचोलीकडच्या खाणींवर त्यांचा स्वतःचा ट्रक चालायचा. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा बंद. ट्रक विकला गेला, औषधे अधूनमधून सुटू लागली. एक गोष्ट मात्र सुटली नाही: घुमट, मडक्याच्या तोंडावर कातडे ताणून केलेले आमच्याकडचे वाद्य. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरत्यांना आणि शिगम्याला वाड्यावर त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

डायलिसिस सुरू होण्याच्या वर्षभर आधी त्यांचे क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक) 4.2 होते. तेव्हाच किडनीच्या डॉक्टरांनी हाताची शस्त्रक्रिया करून ठेवा असे सुचवले होते. काकांनी नाही म्हटले. आमच्या भागात अनेकांची समजूत अशी की हातात काहीतरी 'मशीन' बसवतात आणि एकदा ते बसले की डायलिसिस सुटत नाही. फिस्टुला करणे म्हणजे डायलिसिसला घरी बोलावणे धाडणे. बोलावलेच नाही तर येणार कशी?

ती आलीच, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात, रात्री अडीच वाजता. छातीत पाणी भरलेले, पोटॅशियम जिवावर बेतेल इतके, 6.8. मुलाने गाडीत घालून एका इस्पितळात नेले. तिथे मानेच्या उजव्या बाजूच्या मोठ्या शिरेत तात्पुरती नळी घालून डायलिसिस केले आणि जीव वाचला. त्याबद्दल त्या इस्पितळाला नावे ठेवायला जागा नाही. मुक्काम आठ दिवसांचा झाला.

त्या आठ दिवसांत सलाइनच्या सगळ्या सुया डाव्या हाताला लागल्या. रक्तही डाव्यातूनच घेतले. कारण काकी मला नंतर कौतुकाने सांगत होत्या: "सिस्टर फार चांगली होती. म्हणाली, उजवा जेवायला मोकळा राहू दे." मी काही बोलले नाही. एखाद्या भल्या माणसाने केलेली सोय नेमकी कुठे नडते ते काकींना त्या क्षणी सांगून काय उपयोग होता?

फिस्टुला म्हणजे हातातली एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडणे. बाहेरची वस्तू आत काहीही नसते. 'मशीन' वगैरे तर नाहीच. धमनीतले जोराचे रक्त शिरेत शिरते, शीर रुंद होते, तिची भिंत जाड होते आणि मग आठवड्यातून दोनदा दोन जाड सुया सहन करण्याइतकी ती तयार होते. एरवी मनगटाच्या धमनीतून मिनिटाला वीस-तीस मिलिलिटर रक्त जात असेल, तर चांगल्या फिस्टुलातून काही आठवड्यांत सहाशेच्या वर जाऊ लागते. यंत्राला मिनिटाला तीनशेच्या आसपास रक्त लागते, आणि साध्या शिरेतून ते मिळत नाही.

ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सोबत्यांनी हे तंत्र न्यूयॉर्कमध्ये 1966 साली मांडले, आणि अजून त्याला तोड सापडलेली नाही. यातले सिमिनो विद्यार्थी असताना रक्त काढायचे काम करत, म्हणून त्यांना शिरांची नाडी ठाऊक होती. आमच्यासारख्यांना ही गोष्ट ऐकायला बरी वाटते.

पण शीर कोरी हवी. सलाइनच्या सुईने आतल्या अस्तराला इजा होते, औषधांनी ती सुजते, बरी होताना अरुंद होते. बाहेरून हात साफ दिसतो. म्हणून किडनीचा आजार पुढच्या टप्प्यात गेला की कोपराखालच्या शिरा राखायच्या आणि सुई लागलीच तर पंजाच्या पाठीवर लावायची, असा नियम आहे. नियम किडनीच्या विभागात सगळ्यांना पाठ असतो. काकांना मात्र सुया लागल्या त्या मेडिसिनच्या वॉर्डात.

पहिला फिस्टुला

जुलैच्या मध्यावर डाव्या मनगटावर फिस्टुला झाला. मधल्या काळासाठी मानेतली तात्पुरती नळी काढून तिथेच कातडीखालून नेलेली, टिकाऊ जातीची नळी घातली होती. डायलिसिस आमच्याकडे मंगळवार-शुक्रवार सुरू झाले. एके काळी यासाठी बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत (गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत) जावे लागायचे. 2016 मध्ये केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, त्याच वर्षी गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आली, आणि यंत्रे हळूहळू तालुक्यांपर्यंत पोहोचली. काकांच्या घरापासून आमचे युनिट पंचवीस मिनिटांवर आहे. यंत्र जवळ आले, पण फिस्टुला करणारा आणि तो दुरुस्त करणारा हात दूरच राहिला. आता रुग्ण आठवड्यातून दोनदा अशा ठिकाणी येतो जिथे त्याच्या हाताविषयी निर्णय घेणारे कोणी नसते.

शस्त्रक्रियेच्या कागदावर लिहिले होते: 'सहा आठवड्यांनी दाखवणे.' ती तारीख चवथीच्या आठवड्यात पडत होती. काकांनी ती मनातल्या मनात पुढे ढकलली. आम्ही विचारले नाही. शहरातून कोणी फोन केला नाही, आणि करावा अशी पद्धतही नव्हती. सर्जनच्या दृष्टीने शस्त्रक्रिया नीट झाली होती. किडनीच्या डॉक्टरांच्या दृष्टीने फिस्टुला 'पिकत' होता, म्हणजे तयार होत होता. माझ्या दृष्टीने तर तो अजून माझा नव्हताच, कारण सुया टोचायला घ्यायच्या होत्या सहा आठवड्यांनंतर. मी दर वेळी मानेच्या नळीला यंत्र जोडायचे, पट्टी बदलायचे आणि हाताकडे पाहून "बरा आहे ना?" म्हणायचे. काका "बरा" म्हणायचे.

तो बरा नव्हता हे आता मला स्पष्ट दिसते. थरथर जोडापासून चार बोटांपर्यंत लागायची आणि विरायची. सहा आठवडे होत आले तरी शीर कातडीवर उठून दिसत नव्हती. यासाठी यंत्र लागत नाही. दोन तपासण्या आहेत, दोन्ही मिळून एक मिनिट लागते.

पहिली: रुग्णाला झोपवून हात वर करायला सांगायचा. भरलेली शीर रिकामी होऊन बसली पाहिजे. तशीच फुगून राहिली तर पुढे, खांद्याच्या बाजूला, वाट अडली आहे.

दुसरी: जोडापासून वीतभर वर शीर बोटाने दाबून धरायची. खालच्या भागात ठोका उसळी मारून आला पाहिजे. मरगळलेला आला तर रक्त आत शिरतानाच कमी पडते आहे. अरुंद जागा बहुधा जोडाच्या जवळच.

काकांच्या हाताची ही दुसरी तपासणी चौथ्या आठवड्यात केली असती, तर मला खात्री आहे, उत्तर मिळाले असते. 2002 साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात अनुभवी डायलिसिस नर्सनी नुसते हाताने तपासून फिस्टुला चालेल की नाही ते सांगितले, आणि पाचपैकी चार वेळा त्यांचे बरोबर आले. मला हे माहीत होते. प्रशिक्षणात शिकले होते. केले नाही.

मग चवथ आली. मंगळवारी काकांनी डायलिसिस चुकवले, कारण घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट) बांधायची होती आणि मुलाला रानातले सगळे जिन्नस ओळखता येत नाहीत. गुरुवारी रात्री आरतीला घुमट गळ्यात घालून दीड तास वाजवले. शुक्रवारी आमच्याकडे आले ते 5.2 किलो वजन वाढवून, धापा टाकत. आम्ही चार तासांत चार किलो पाणी काढले. शेवटच्या अर्ध्या तासात रक्तदाब 88 वर आला. पाय वर केले, सलाइन दिले, 110 झाल्यावर घरी सोडले. त्याच रात्री थरथर थांबली.

घरात, वाड्यावर आणि खरे सांगायचे तर आमच्या युनिटमध्येही निकाल लगेच लागला: घुमटाने फिस्टुला घालवला. तो निकाल सगळ्यांना सोयीचा होता. काकीही तेच म्हणत होत्या. काकांनी मान खाली घातली.

सर्जननी डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) पाहून सांगितले ते वेगळे. जोडाच्या पुढेच शीर अरुंद होती आणि कोपराखालच्या भागात तिची भिंत जागोजाग जाड झाली होती. आधीच्या सुयांचा परिणाम असण्याची शक्यता बरीच. अशा जेमतेम वाहणाऱ्या शिरेत रक्तदाब उतरला की रक्त साकळते. घुमटाचा दाब पडला असेल, नाही असे नाही. पण शेवटचा धक्का कोणी दिला याचा शोध घ्यायचाच असेल तर त्या शुक्रवारच्या आमच्या डायलिसिसचा कागद आधी काढावा लागेल. एका बैठकीत चार किलो. शनिवारी परत बोलावून दोन-दोन काढता आले असते.

काकांच्या मुलाने एकदा विचारले, रक्त पातळ करायची गोळी दिली असती तर? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत 877 रुग्णांवर क्लोपिडोग्रेलचा मोठा अभ्यास झाला, 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. गोळीने सुरुवातीच्या गुठळ्या कमी झाल्या, पण वापरण्याजोगे फिस्टुला वाढले नाहीत. दोन्ही गटांत साठ टक्क्यांच्या आसपास फिस्टुला त्यांच्या कसोटीला उतरलेच नाहीत. शीर अरुंद असेल तर गोळी तिला रुंद करत नाही.

थंडी

हातातला फिस्टुला गेल्यावर सगळी मदार मानेतल्या नळीवर. ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी यंत्र लावून पाऊण तास झाला आणि काका कुडकुडायला लागले. दात वाजत होते, खाट हलत होती. दोन चादरी घातल्या तरी थांबेना. ताप 39.4.

नळीवाल्या रुग्णाला यंत्रावर थंडी वाजली की एसीकडे बघायचे नसते. नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा चिकट थर बसतो. यंत्र सुरू झाले की त्यातले जंतू थेट हृदयाकडे ढकलले जातात. रक्ताचे नमुने घेतले, शहरात पाठवले. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आला. नळी काढावी लागली, जांघेतून तात्पुरती नळी, मग जंतू गेल्याची खात्री झाल्यावर मानेत नवी. सेफॅझोलिन हे प्रतिजैविक दर डायलिसिसनंतर, सहा आठवडे. हृदयाच्या झडपा वाचल्या, एवढे नशीब.

नवी नळी घालताना एक गोष्ट जपली गेली. ती पुन्हा उजव्या बाजूलाच घातली. डाव्या हाताचा विचार अजून संपला नव्हता, आणि ज्या बाजूच्या हातात फिस्टुला व्हायचा त्या बाजूच्या मोठ्या शिरेत नळी राहिली तर ती शीर वर छातीतच आकसते. गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेतून नळी घातली तर तो धोका आणखी मोठा. मग हातात कितीही सुंदर फिस्टुला करा, रक्ताला परतीची वाट नसते आणि हात सुजून खांबासारखा होतो.

कोणता हात

या वेळी शस्त्रक्रियेआधी दोन्ही हातांच्या शिरांचा डॉपलरने नकाशा काढला, दंडाला पट्टा बांधून. पहिल्या वेळी जीव वाचवण्याच्या धांदलीत हे राहून गेले होते. डाव्या कोपराखाली काही उरले नव्हते. डाव्या दंडाची शीर 3.4 मिलिमीटर, कोपराची धमनी 4.6. उजव्या कोपराखालची शीर 2.3, मनगटाची धमनी 1.8 आणि मधुमेहाने भिंतीत चुना साठलेली. साधारण अपेक्षा अशी की शीर अडीच आणि धमनी दोन मिलिमीटरच्या खाली नसावी.

कागदावर निवड सोपी: डावे कोपर. पण काका म्हणत होते, उजव्यात करा. काकी तर डाव्या हाताला अपशकुनीच म्हणू लागल्या होत्या. मनगटापासून सुरुवात करावी, कोपराची जागा पुढच्यासाठी राखावी, हे तत्त्व डॉक्टरांनाही सोडवत नव्हते.

मी काकांना विचारले, "घुमट कसे धरता ते दाखवा." ते खाटेवर उठून बसले आणि नसलेले घुमट गळ्यात घातले. उजव्या हाताची बोटे कातड्यावर. डावा तळवा मागच्या उघड्या तोंडावर, झाकतो, सोडतो, अर्धा झाकतो. घुमटाचा घुमार तिथून निघतो. डावे कोपर वाकलेले, आणि मडक्याचा फुगीर भाग कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला टेकलेला. म्हणजे पहिला फिस्टुला होता बरोबर त्याच पट्ट्यात.

"उजवा गेला तर काय?" मी विचारले.

"मग तें घुमट न्हय, मडकें."

मी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेतला आणि सर्जनना पाठवला. त्यांचा फोन आला तेव्हा ते हसत होते, पण त्यांनी तो दोनदा पाहिला होता. डावे कोपरच ठरले. दोरी चार बोटे आखूड करायची म्हणजे मडके पोटासमोर येईल, कोपराच्या घडीत काही टेकणार नाही. वण पूर्ण भरेपर्यंत वाजवणे बंद.

कोपराच्या फिस्टुलाचा एक धोका काकांना स्पष्ट सांगितला. तिथे रक्त जोरात वळते, मधुमेह्यांत बोटांना कधी कमी पडते. बोटे गार पडली, दुखू लागली, निळी झाली तर त्याच दिवशी कळवायचे. "कोणाला?" असे विचारायची वेळ या वेळी आणली नाही. माझा आणि युनिटचा नंबर कागदावर ठळक लिहून दिला. काकांनी तो गणपतीच्या फोटोमागे खोचला.

वही

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. मी एक दोनशे पानी वही आणली. दर मंगळवारी, यंत्र लावण्याआधी, दोन ओळी. इतकेच.

आठवडा 1: थरथर कोपरापासून पाच बोटे वर. बोटे उबदार. थोडी सूज.

आठवडा 3: थरथर दंडाच्या मध्यापर्यंत. दाबून पाहिले, ठोका जोरात उसळतो. चेंडू दाबणे चालू (काकी म्हणतात फक्त मी बघते तेव्हा).

आठवडा 5: हात वर केला, शीर पूर्ण बसली. डॉपलर: रुंदी 5.6, खोली 4 मिलिमीटर, प्रवाह मिनिटाला 850.

आठवडा 7: रुंदी 6.2. टोचायला हरकत नाही असे डॉक्टरांनी लिहिले.

सहाचा एक आडाखा अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांतून आमच्यापर्यंत आला आहे: सहा आठवड्यांनी सहा मिलिमीटर रुंद, कातडीपासून सहा मिलिमीटरपेक्षा कमी खोल, प्रवाह सहाशे. लक्षात राहायला छान. पण आमच्याकडे त्याचा अर्थ 'सहा आठवडे बघायचेच नाही' असा होऊन बसला होता. फिस्टुलाचा कल पहिल्या चार आठवड्यांतच कळतो. चौथ्या आठवड्याला दोन्ही तपासण्यांत काही खटकले तर सहाव्याची वाट न पाहता चिठ्ठी लिहायची, हे आता आमच्याकडे ठरले आहे. अरुंद जागा लवकर सापडली तर ती शिरेच्या आत बारीक फुगा फुगवून रुंद करता येते. गुठळी होऊन उशीर झाला तर फिस्टुला नव्याने करावा लागतो, दुसऱ्या जागी, आणि हातावर जागा मोजक्याच असतात.

पहिली सुई मी टोचली. 17 गेजची, म्हणजे बारीक, आणि एकच. रक्त हातातून घेतले आणि परत मानेच्या नळीतून दिले. पंप मिनिटाला 200 मिलिलिटरवर. काका छताकडे बघत आरती पुटपुटत होते. पुढच्या दोन वेळाही तसेच. चौथ्या वेळी दोन्ही सुया हातात.

पाचव्या वेळी घोटाळा झाला. मी रजेवर होते. त्या दिवशी दोन रुग्ण जादा आले होते आणि आमच्या सर्वांत नव्या मुलाने काकांना एकट्याने टोचले. परतीची सुई शिरेच्या मागच्या भिंतीतून आरपार गेली. यंत्राने दाब वाढल्याचा भोंगा दिला तेव्हा त्याने तो एकदा बंद केला. नवीन मुले करतात. मीही केले आहे. दोन मिनिटांत दंडावर लिंबाएवढी गाठ आली. मग पंप थांबवला, बर्फ लावला. दुसऱ्या दिवशी दंड जांभळा-काळा. काकी आल्या आणि हाताकडे बघून एवढेच म्हणाल्या, "हाही गेला का गो?"

तो गेला नव्हता. थरथर होती. दहा दिवस हाताला विश्रांती दिली, पुन्हा नळीवर आलो. मुलाला रागावले नाही असे म्हणणार नाही. पण कोवळ्या फिस्टुलाच्या पहिल्या दहा सुया कोणी टोचायच्या हे आमच्याकडे कुठेच लिहिलेले नव्हते. आता लिहिले आहे: दोघांनी मिळून, त्यातला एक जुना, आणि दोघे नसतील तर त्या दिवशी नळी वापरायची.

शेवटी सलग सहा वेळा दोन्ही सुयांनी, पंप 300 ठेवून, डायलिसिस नीट झाले. फेब्रुवारीच्या अखेरीस मानेतली नळी निघाली. काकांनी त्या संध्याकाळी आठ महिन्यांनंतर डोक्यावरून पाणी घेतले. नळी ओली होऊ नये म्हणून इतके दिवस मानेखालीच अंघोळ होती. फिस्टुलाच्या फायद्यांच्या कुठल्याच यादीत मी हे वाचलेले नाही.

राखीव

एक भांडण मात्र अजून चालू आहे. काकांना एकाच ठिकाणी सुई टोचून हवी असते. तिथली कातडी बधिर झालेली असते, दुखत नाही. नवीन मुलांनाही तेच सोपे जाते, सुई चुकत नाही. पण एकाच दोन बोटांच्या जागेत टोचत राहिले की भिंत सैल होऊन फुगवटा येतो. आमच्याकडे एका बाईंच्या हातावर अंड्याएवढे दोन आहेत. वरची कातडी पातळ, चकचकीत झाली की मला झोप लागत नाही. म्हणून शिडीच्या पायऱ्या चढाव्यात तशी जागा दर वेळी थोडी पुढे सरकवायची. वहीत दंडाचे चित्र काढले आहे, टोचल्यावर टिंब देतो. काका टिंबे मोजतात आणि "आज फुडें कित्याक?" (आज पुढे कशाला?) म्हणून वाद घालतात.

हात राखण्यासाठी आम्ही आधी फाइलींवर लाल चिकटपट्ट्या लावल्या. फाइल घरी राहते, रुग्ण प्रयोगशाळेत जातो. मग मनगटाला पट्टा दिला. तो धुण्यात फाटला. उपयोगी पडले ते काकांचे तोंड. मधे ताप आला म्हणून रक्त द्यायला गेले, तिथल्या मुलाने डावी बाही वर करायला सांगितली. काकांनी उजव्या पंजाची पाठ पुढे केली. "हो हात रिझर्व्ह. कदंबातली सीट कशी, तशी." कदंब म्हणजे आमची सरकारी बस.

आता युनिटमधल्या प्रत्येक रुग्णाचे एक पान वहीत आहे, अजून डायलिसिस सुरू न झालेल्या चौघांचेसुद्धा. किडनीच्या डॉक्टरांनीच त्यांना हात दाखवायला आमच्याकडे पाठवले. त्यातला एक जण हातातल्या 'मशीन'ला घाबरतो. त्याला काकांच्या खाटेशेजारी बसवते. आमचे युनिट लहान, रुग्ण थोडे, त्यामुळे टक्केवारीत सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

काकांच्या पानावर मात्र जानेवारीपासून वेगळे दिसू लागले आहे. दुसऱ्या फिस्टुलाला चौदा महिने झाले. तोच पंप, त्याच सुया, पण परतीचा दाब 130 वरून 190 पर्यंत चढला. सुई काढल्यावर आठ-दहा मिनिटांत थांबणारे रक्त गेल्या तीन वेळा पंचवीस मिनिटे दाबून धरावे लागले. मंगळवारी हात वर करायला सांगितला. शीर बसली नाही, खांद्यापर्यंत ताठ राहिली. कोपराच्या फिस्टुलांत ही शीर खांद्याजवळ वळून खोल जाते, त्या वळणावर ती आकसण्याची खोड असते. त्याच दुपारी सर्जनना वहीच्या पानाचा फोटो पाठवला. गुरुवारी सकाळी फुगा घालून रुंद करायचे ठरले आहे.

काकांनी एकच विचारले, शिगम्याआधी होईल ना. होईल म्हटले. दोरी आखूड केलेले घुमट घरी खुंटीला आहे. त्याला नवे बकऱ्याचे कातडे चढवायचे राहिले आहे.